बाबा, एफडीची मुदत वाढवून घ्या

पुणे, २२ फेब्रुवारी २०२६

ती. बाबा आणि ती. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, मार्चमध्ये मुदत संपणाऱ्या एफडीचे पाच लाख मला नव्या कॅमेऱ्यासाठी द्यायचे तुम्ही ठरवलंय, हे आईकडून कळलं. ते पैसे मी घेणार नाही. एफडीची मुदत वाढवून घ्या. आईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन पुढच्या वर्षावर आलंय, ते पैसे त्यासाठी राहू देत. नुसतं नको म्हटलं तर तुम्हाला लागेल, म्हणून सगळा हिशेब लिहिते.

आई, तू नेहमी विचारतेस, एका लग्नाचे एवढे घेतेस तर पैसे जातात कुठे? तुझा प्रश्न रास्त आहे. हळद आणि लग्न अशी दोन दिवसांची ऑर्डर मी १,३०,००० ला घेते. दुसरा फोटोग्राफर, व्हिडिओची दोन माणसं आणि एक मदतनीस यांचे दोन दिवसांचे ४६,००० होतात. ड्रोनवाला एकच दिवस येतो, त्याचे ८,०००. फिल्मचा एडिटर १४,००० घेतो, अल्बमच्या लॅबलाही तेवढेच जातात, गाडी आणि खाण्यापिण्याचे ४,०००. माझ्या हातात राहतात ४४,०००. लोकांना माझे लग्नातले दोन दिवस दिसतात. पण चार हजार फोटोंतून निवड करणं, रंग सारखे करणं, अल्बम मांडणं यात पुढचे नऊ-दहा दिवस जातात. शेवटचा हप्ता अल्बम हातात पडल्यावर मिळतो, आणि नवरा-नवरी फोटो निवडायला सहा-सहा महिने लावतात. तोवर टीमचे पैसे मी देऊन बसलेली असते.

अशी पंधराएक लग्नं वर्षाला होतात, म्हणजे साडेसहा लाख. ऑफिसचं भाडं लाखावर जातं, हार्ड डिस्क, सॉफ्टवेअर, विमा आणि सीए मिळून ९०,०००. शिवाय कॅमेरे-लेन्सच्या झिजेपोटी दीड लाखावर बाजूला काढावे लागतात. उरतात तीन लाख, म्हणजे महिन्याला पंचवीस हजार.

ही झीज खरी असते, बाबा. माझ्या कॅमेऱ्याचं शटर कंपनीने दोन लाख फोटोंच्या हिशेबाने बनवलेलं आहे. लग्नाला चार हजार धरले तर वर्षाला साठ हजार होतात. तीन-साडेतीन वर्षांत ती बॉडी भरवशाची राहत नाही, आणि मंगळसूत्र घालताना शटर अडकलं तर तो क्षण पुन्हा मागता येत नाही. त्यामुळे कॅमेरा बदलावा लागणारच. पण सोनं घेतलं तर अडीअडचणीला मोडता येतं. कॅमेऱ्यात घातलेल्या पाच लाखांचे तीन वर्षांनी दीड लाखही येणार नाहीत. अशी वस्तू धंद्याच्या कमाईतूनच घ्यायला हवी. वर्षातून चार वेळा लागणारी मोठी लेन्स मी भाड्यानेच आणते.

खरी अडचण दुसरीकडे आहे. सेवा देणाऱ्याची उलाढाल वर्षाला २० लाखांवर गेली की जीएसटीची नोंदणी करावी लागते. इथे कमाई मोजत नाहीत, उलाढाल मोजतात. टीमला, लॅबला, ड्रोनवाल्याला दिलेला रुपयाही माझ्याच नावावर चढतो. पंधरा लग्नांचे साडेएकोणीस लाख झाले, त्यात थोडी बारशी आणि साखरपुडे आले की हद्द ओलांडली. फोटोग्राफीवर कर १८ टक्के, म्हणजे १,३०,००० चे १,५३,४००. नवरीच्या वडिलांना हा कर कुठूनच परत मिळत नाही, म्हणून ते म्हणतात, तुमच्या रकमेतच बसवा. तसं बसवलं तर जवळजवळ वीस हजार जातात. अल्बमवर भरलेल्या कराची माझ्या जीएसटीतून थोडी वजावट मिळते, पण माझी माणसं नोंदणीकृत नाहीत, त्यांच्या पैशांवर काहीच मिळत नाही. ४४,००० तली जवळपास निम्मी कमाई अशी संपते. पाच लाखांचा कॅमेरा आणला तरी यातलं काही बदलणार नाही.

त्यात यंदा १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आलाय. २०२३ चा अधिक श्रावण चातुर्मासातच होता, आम्हाला झळ बसली नाही. २०१८ नंतर ऐन सिझनमध्ये अधिक महिना आत्ता येतोय. मुहूर्त पाहणारी सगळी घरं वैशाखात गर्दी करताहेत. एकाच तारखेला सहा जणांची विचारणा येते आणि घेता येतं एकच लग्न. त्या दिवशी पुण्यातल्या प्रत्येक फोटोग्राफरला माणसं हवी असतात, म्हणून त्यांचेही दर चढतात. आणि मग महिनाभर शुकशुकाट.

म्हणून मी भोसरी आणि चाकणच्या कारखान्यांची कामं धरायला सुरुवात केली आहे. त्यांना कॅटलॉगसाठी आणि वेबसाइटसाठी सुट्या भागांचे फोटो लागतात. दिवसाचे २०,००० आणि वर जीएसटी. तो कर त्यांना वजावटीत मिळतो, म्हणून कुणी घासाघीस करत नाही. मदतनीस आणि प्रवासाचे तीन हजार सोडले तर १७,००० माझे, आणि एडिटिंग धरून काम तीन दिवसांचं. शिवाय मी लहान उद्योगांसाठीची सरकारी 'उद्यम' नोंदणी केली आहे, त्यामुळे करार असला तर ४५ दिवसांत पैसे देणं त्यांना कायद्याने भाग आहे. थकवले आणि वर्ष सरलं, तर त्या वर्षीच्या आयकरात त्यांना तो खर्च धरता येत नाही. अधिक महिना असो की चातुर्मास, मशीन चालूच असतं.

आई, तू म्हणशील, लोखंडाच्या तुकड्यांत कसला जीव रमणार? रमतो गं. चकचकीत स्टीलच्या पार्टमध्ये सगळी खोली दिसते, दिवा दिसतो, मीसुद्धा दिसते. त्याच्या चहूबाजूंनी पांढरे कागद उभे करायचे, उजेड त्यांच्यावर पाडायचा, मग मधे एक बारीक काळी पट्टी धरायची. तेव्हा कुठे त्याची कड उमटते. एकेका फोटोला तास जातो. ज्या ऑपरेटरने तो पार्ट घडवलेला असतो, तो मागे उभा राहून स्क्रीनकडे बघतो आणि धार बरोबर आली का ते सांगतो. मला ते फार आवडतं.

लग्नं सोडणार नाही. वर्षाला आठ-दहा घेईन, दर १,६०,००० आणि जीएसटी वेगळा. काही लोक परत जातील, ते जाऊ देत. वीस लाखांच्या खाली राहायला काही जण अर्धे पैसे रोखीत घेतात आणि बिलात दाखवत नाहीत. ते मी करणार नाही, आणि तुम्हालाही ते आवडलं नसतं.

बाबा, एक मदत मात्र तुमच्याकडून हवी आहे. नात्यातलं कार्य निघालं की "आमची मनू करेल की" असं परस्पर सांगू नका. माझे दिवस मी आहेर म्हणून आनंदाने देईन, तात्यांच्या नातीला तर नक्कीच. पण टीमचे ४६,००० आणि अल्बमचे पैसे त्यांना द्यावे लागतील. हे तुमच्या तोंडून गेलं तर कुणी वाईट वाटून घेणार नाही.

तात्यांना नातीच्या लग्नाची तारीख विचारून याच आठवड्यात कळवा. १६ मेच्या आतली असेल तर माणसं आत्ताच धरून ठेवावी लागतील.

तुमची,
मनू