वायरलेस ट्रकची भोके बुजवू नका

महोदय,

दुसऱ्या महायुद्धातले लष्करी ट्रक पुन्हा उभे करणाऱ्या पुण्यातल्या हौशी मंडळींना आणि त्यांच्या गॅरेजवाल्यांना कळकळीची विनंती आहे. डेंटिंग-पेंटिंगला हात घालण्याआधी ती गाडी वायरलेसची होती का, हे तपासा. युद्धानंतर अशा गाड्यांवर लाकडी हौदा चढला आणि त्या माल वाहू लागल्या. वायरलेस सेट केव्हाच गेले. उरल्या आहेत त्या खुणा, आणि त्याही लांबीखाली (पुट्टीखाली) गाडल्या जातात.

कॅनडात बनलेल्या फोर्ड-शेव्हरोलेट गाड्या भारतात भरपूर आल्या. त्यातल्या शेव्हरोलेट सी-15-ए वर वायरलेसची बॉडी असे. पण नुसत्या मॉडेलवरून काही ठरत नाही. पत्र्यात एरियलच्या बुडाची भोके, टेबलाच्या बोल्टची रांग, जादा बॅटऱ्यांची चौकट आणि केबल आत घेण्याची जागा शोधा. बॉनेट, मडगार्ड आणि चासी यांना जोडणाऱ्या कल्हई केलेल्या तांब्याच्या विणीच्या पट्ट्या दिसल्या, तर तीही एक खूण धरा. जुना रंग सँडब्लास्टने उडवू नका. 600 नंबरच्या पॉलिश पेपरने, पाणी लावून, तळहाताएवढ्या जागेत एकेक थर उतरवा. ब्रिटिश पद्धतीत सिग्नल्सचे, म्हणजे लष्कराच्या संदेशवहन दलाचे, चिन्ह म्हणजे वर पांढरा, खाली निळा चौकोन. तो खालच्या थरात सापडू शकतो.

तांब्याच्या त्या पट्ट्या शोभेच्या नाहीत. इंजिनाच्या ठिणगीचा खरखराट सेटमध्ये शिरू नये म्हणून सगळा पत्रा चासीशी एकजीव करावा लागतो. पेंटर पट्टीखालीही रंग मारतो, जोड तुटतो, आणि मग दोष बिचाऱ्या सेटला दिला जातो. पट्टीखालचा पत्रा उघडा करा. मल्टिमीटरवर बॉनेट ते चासी एक ओहमच्या आत यायला हवे. तरीही इंजिनाच्या वेगाबरोबर टकटक वाढली तर प्लगच्या वायरी पाहा, शिट्टी चढत गेली तर डायनॅमोचे कार्बन आणि कंडेन्सर.

इंजिनाची वायरिंग 6 व्होल्टची, तर ब्रिटिश लष्कराच्या 19 नंबरच्या वायरलेस सेटला 12 व्होल्ट लागतात. सोय म्हणून दोन्ही एकाच 12 व्होल्टच्या बॅटरीवर घेतले, की स्टार्टर मारताच व्होल्टेज कोसळते. सेट थेट चालू करू नका. आधी कागदी कंडेन्सर बदला, कारण गळका कंडेन्सर सेटमधले काचेचे व्हॉल्व्हही जाळतो. कडक होऊन तडकलेली रबरी वायर काढा, डायनामोटरचे (बॅटरीचे व्होल्टेज सेटसाठी वाढवणाऱ्या फिरत्या यंत्राचे) वाळलेले ग्रीस धुवा. आत काही शे व्होल्ट खेळतात, एक हात खिशात ठेवून काम करा. संदेश पाठवायचा तर हॅम, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना हवाच. चमकणाऱ्या काट्यांच्या डायलमध्ये किरणोत्सर्गी रेडियम असू शकते, ते खरवडू नका.

चाकांबद्दल तर हात जोडून सांगणे आहे. रिम दोन भागांची असते. ते भाग धरून ठेवणारे नट, ज्यांना लष्कर बहुधा लाल रंग देई, हवा भरलेली असताना सैल केले तर रिम तोफगोळ्यासारखी उडते. आधी व्हॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण सोडा.

2021 च्या केंद्रीय नियमांत विंटेज नोंदणीसाठी गाडी 50 वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात असावी, अशी अट आहे; म्हणूनही या खुणा जपायला हव्यात. भंगाराचा लिलाव करणाऱ्या कार्यालयांनीही गाडी कापण्याआधी चासी नंबर, आतला पत्रा आणि प्रत्येक भोकाचे मोजपट्टीसह फोटो काढून ठेवावेत. नगरच्या रणगाडा संग्रहालयासारखी जागा जवळ असताना ते फोटो कोणाला द्यायचे, हा प्रश्न पडू नये.

– एक वाचक, खडकी, पुणे