दत्ताला पत्र: स्वेच्छानिवृत्ती नको, फॉर्म भर

पाटोदा,
२८ सप्टेंबर २०२५

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू म्हणालास, "स्वेच्छानिवृत्ती घेतो, पण या वयात टीईटीला, त्या शिक्षक पात्रता परीक्षेला, बसणार नाही." तेवढ्यात रेंज गेली आणि बोलणं अर्धवट राहिलं, म्हणून लिहायला बसलो. इकडे पावसानं हाहाकार केलाय. नदीकाठच्या रानातली माती वाहून गेली, सोयाबीन पाण्यातच कुजलं. यंदा आमच्या गावातून ऊसतोडीला जाणारी जोडपी, आपले कोयते, नेहमीपेक्षा जास्त निघणार.

१ सप्टेंबरचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मी नीट समजून घेतला, कारण व्हॉट्सॲपवर जो तो वेगळंच सांगत होता. पाच वर्षांपेक्षा जास्त सेवा उरलेल्यांनी दोन वर्षांत टीईटी पास व्हायचं, नाहीतर सक्तीची निवृत्ती. निवृत्तीचे लाभ नियमानं मिळतील. पाच वर्षांहून कमी उरलेल्यांची नोकरी राहील, पण टीईटीशिवाय पदोन्नती नाही. आपण दोघंही पहिल्या गटात.

तुझा संताप खरा आहे. आपली निवड डी.एड.च्या गुणांवर झाली. तीन हजार रुपये मानधनावर तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून राबलो, मग कायम झालो. सरकारनं मागितली ती प्रत्येक पात्रता तेव्हा आपल्याकडे होती. टीईटीची अट २०१० साली आली, आपल्या राज्यात परीक्षा २०१३ पासून सुरू झाली, आणि ती नव्यानं लागणाऱ्यांसाठी आहे हेच सगळे धरून चालले. शिक्षण हक्क कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनं सेवेतल्यांना ३१ मार्च २०१९ पर्यंत मुदत दिली होती म्हणे. त्या काळात निवडणुकीची कामं, पोषण आहाराचे हिशोब, ऑनलाइन माहिती, सगळ्याचे आदेश वेळच्या वेळी आले. हा एक कागद मात्र ना तुझ्या शाळेत आला, ना माझ्या. मला सगळ्यात जास्त लागलं ते हे.

परीक्षेला माझा विरोध नाही. गरिबाच्या पोराला चांगलाच मास्तर मिळाला पाहिजे. पण वीस-बावीस वर्षं शिकवलेल्या माणसाचं काम बघायचं तर वर्गात येऊन बघा ना! तिसरीतली एक पोरगी गेल्या वर्षी आईबापांबरोबर उसाला गेली आणि एप्रिलमध्ये परत आली. जोडाक्षरं पार विसरली होती, पाटीवर संख्या लिहिता येईना. पण तोंडानं विचारलं तर एका खेपेला किती मोळ्या, चार खेपांना किती, धडाधड सांगायची. मग मी गुणाकार मोळ्यांवरूनच घेतला. आधी खडे मांडले, मग खड्यांशेजारी आकडे. जूनमध्ये ती फळ्यावर येऊन उदाहरण सोडवायला लागली. दीडशे गुणांच्या पेपरात हे कुठं दिसणार?

बंगालचं वाचलंस का? २०१६ च्या शाळा भरतीत घोटाळा झाला म्हणून न्यायालयानं एप्रिलमध्ये २५,७५३ नेमणुका रद्द केल्या. ज्यांच्यावर काहीच ठपका नाही अशा शिक्षकांनाही याच महिन्यात, ७ आणि १४ तारखेला, आपल्याच नोकरीसाठी पुन्हा परीक्षेला बसावं लागलं. तोवर डिसेंबरअखेरपर्यंत शिकवायची मुभा. दिवसा वर्ग घ्यायचा आणि रात्री त्याच वर्गासाठी उमेदवार म्हणून अभ्यास करायचा! क आणि ड गटातल्या कर्मचाऱ्यांना, म्हणजे कारकून-शिपायांना, तर तेवढीही मुभा नाही. पैसे चारणाऱ्यांची शिक्षा प्रामाणिक माणसानं का भोगायची? आपल्याकडेही २०१९-२० च्या टीईटीत पैसे घेऊन गुण वाढवल्याचं उघड झालं, हजारो उमेदवार बाद झाले, परीक्षा परिषदेच्या आयुक्तांनाच अटक झाली. त्याच परीक्षेनं आता आपली लायकी ठरणार, याचा मलाही राग येतो.

तरीही स्वेच्छानिवृत्ती घेऊ नकोस. पोरगी बारावीला, घराचे हप्ते चालू, हे तर आहेच. पण तू गेलास की तुझ्या वस्तीवरच्या शाळेत कोण येणार? जागा रिकामी राहील, दुसऱ्या शिक्षकावर पाच वर्ग पडतील. संघटना पुनर्विचार याचिकेचं बोलताहेत, मोर्चा निघाला तर आपण दोघं जाऊ. पण याचिकेच्या भरवशावर दोन वर्षं घालवायची नाहीत.

पेपर एकच द्यायचाय, पहिली ते पाचवीचा. बालमानसशास्त्र, मराठी, इंग्रजी, गणित, परिसर अभ्यास, प्रत्येकी तीस गुण. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. खुल्या गटाला नव्वद लागतात. एकदा पास झालो की प्रमाणपत्र कायमचं. परीक्षा २३ नोव्हेंबरला आहे, फॉर्मचे थोडेच दिवस राहिलेत. यंदा नाही निघाली तर पुढच्या खेपेला बसू.

पाऊस उघडला की गाडी काढ आणि इकडे ये. डी.एड.ची गुणपत्रिका, जातीचा दाखला, फोटो आण, इथल्या दुकानात दोघांचे फॉर्म भरून टाकू. गणित तू घे, डी.एड.लाही तूच शिकवायचास मला. इंग्रजीचं मी बघतो. बालमानसशास्त्राची पुस्तकं बीडहून मागवली आहेत, दोन प्रती सांगितल्यात.

वहिनींना नमस्कार सांग. आईंच्या गुडघ्याचं काय झालं ते कळव.

तुझा,
अशोक