65,536 व्या ओळीखालचं दूध

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

फोनवर तुमचे आभार मानले होते, पण तेव्हा दिवाळीची गडबड होती आणि बोलायचं ते राहूनच गेलं. गावोगावच्या दूध संस्थांच्या सचिवांनाही हे कळावं, म्हणून पत्र सगळ्यांसमोर लिहितोय.

कोल्हापूरकडे दिवाळीला दूध फरकाची वाट कशी बघतात, हे तुम्हाला सांगायला नको. एप्रिल ते मार्च वर्षभर घातलेल्या लिटरवर मिळणारे ते जादा पैसे. त्यातून पोरांना कपडे येतात, कुणाची पेंडीची उधारी फिटते. ती यादी मी एक्सेलमध्ये काढून फळ्यावर लावली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या संकलनाला एक आजी किटली घेऊन समोर उभ्या राहिल्या. "आरं, सगळा मार्च दूध घातलं की मी. मग हे शून्य कशाचं?"

त्यांची म्हैस फेब्रुवारीच्या शेवटी व्यायली होती. चीक संपल्यावर 4 मार्चपासून त्या दूध घालत होत्या. रोजच्या नोंदी शीटमध्ये होत्या, दहा-दहा दिवसांची बिलंही दिलेली होती. तरी वार्षिक बेरीज शून्य. फॉर्म्युला मी तीनदा पुसून तीनदा लिहिला, क्लासच्या नोट्समध्ये दिलाय अगदी तसाच. एरर कुठेच नाही. एरर आला असता तर बरं झालं असतं, निदान बघितलं तरी असतं. इथे प्रत्येक सभासदापुढे नीटनेटका आकडा होता.

तुमच्या ऑफिसचं आमच्याकडचं काम ऑडिटपुरतंच. तरी रविवारी तुम्ही स्वतःच्या गाडीवरून आलात. चहाही नंतर म्हणालात. तारखेच्या कॉलममध्ये कंट्रोल धरून खालचा बाण दाबलात, कर्सर 73,184 व्या ओळीवर जाऊन थांबला. मग आजींच्या बेरजेवर एफ-टू दाबलंत. समइफची, म्हणजे एकेका सभासदाची बेरीज काढणाऱ्या फॉर्म्युल्याची, रेंज 65,536 व्या ओळीला संपत होती; त्याखालच्या नोंदी तो धरतच नव्हता.

"हा आकडा कुठून आणलात?" तुम्ही विचारलंत. मी कपाटातून नोट्स काढल्या. झेरॉक्स, पिनेला गंज चढलेला. त्यात स्पष्ट लिहिलं होतं: शीटची शेवटची ओळ 65,536, रेंज तिथपर्यंत द्यावी.

ते खोटं नव्हतं, जुनं होतं. एक्सेल 2003 पर्यंत शीट खरोखर तिथेच संपायची. 2007 पासून ती 10,48,576 ओळींपर्यंत गेली, नोट्स मात्र तिथेच राहिल्या. आधीच्या दोन वर्षांच्या फाइलीही तुम्ही आपणहून उघडून बघितल्यात. 58 हजार आणि 61 हजार ओळी. त्या वर्षांचा हिशेब बरोबर होता. ते ऐकल्यावर माझा जीव भांड्यात पडला. या वर्षी सभासद वाढले, दोन वेळचं मिळून रोज दोनशेच्या आसपास नोंदी झाल्या, आणि 22 फेब्रुवारीच्या संध्याकाळनंतरचं सगळं दूध बेरजेबाहेर राहिलं. नुकसान एकट्या आजींचं नव्हतं, मार्चमध्ये दूध घातलेल्या प्रत्येकाचं होतं. इतरांचे आकडे थोडे कमी होते, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही.

मी ओशाळलो तेव्हा तुम्ही इंग्लंडची गोष्ट सांगितलीत. 2020 साली तिथे कोरोनाच्या 15,841 रुग्णांच्या नोंदी दैनंदिन आकड्यांतून गळाल्या होत्या, जुन्या एक्सेल फाइलीच्या याच ओळमर्यादेमुळे. तुम्ही मला धीर द्यायला सांगितलंत, हे कळलं मला.

मग तुम्ही नोंदींचं टेबल केलंत, म्हणजे नवी ओळ आली की रेंज आपोआप वाढते. त्याहून मोलाचा वाटला तो पडताळा: सगळ्या सभासदांच्या बेरजा एकीकडे, संकलनाच्या कॉलमची सरळ बेरीज दुसरीकडे, आणि दोन्हींतला फरक शून्य आलाच पाहिजे. हा पडताळा मी आता दर दहा दिवसांच्या बिलालाही लावतो. नोट्सच्या त्या पानावर तुम्ही लाल पेनने "फक्त 2003 पर्यंत" लिहिलंत. मी प्रत्येक पानावर एक्सेलचं व्हर्जन आणि तारीख टाकायला घेतली आहे, निम्मी पानं झाली.

दूध फरक वेळेत वाटून झाला. आजींच्या नावापुढे आता 168 लिटर आहेत. हिशेब कुणी शोधून काढला असं त्यांनी विचारलं, तेव्हा तुमचं नाव सांगितलं. गावात याल तेव्हा घरी यायचंय असा त्यांचा निरोप आहे.

आपला कृतज्ञ,
दूध संस्थेचा सचिव