चंबळच्या वाळूत गाड्या नकोत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रामनवमीला जोडून आलेल्या सुट्टीत माझा पुतण्या आणि त्याचे सात-आठ मित्र दोन जिपा घेऊन चंबळच्या पात्रातल्या वाळूवर मुक्कामाला निघालेत. तंबू, शेगडी, स्पीकर, सगळी जमवाजमव झाली आहे. परवा तो माझ्याकडे आला, "काकू, तुम्ही ऑस्ट्रेलियात वाळूवर राहून आलात ना? चाकांत हवा किती ठेवायची सांगा." त्याला जे सांगितलं तेच इथे लिहिते आहे, कारण असे बेत ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आणखी घरांतही शिजत असणार.

2024 च्या ऑगस्टमध्ये मी लेकीकडे ब्रिस्बेनला होते. तिच्या मित्रमंडळींबरोबर चार गाड्या घेऊन आम्ही 'गरी' बेटावर तीन रात्री राहिलो. पूर्वी याला फ्रेझर आयलंड म्हणत. मूळच्या बुचुल्ला लोकांचं हे नाव 2023 मध्ये अधिकृतपणे परत आलं. जगातलं सर्वांत मोठं वाळूचं बेट, लांबी 120 किलोमीटरच्या वर. पूर्वेचा किनारा हाच तिथला हमरस्ता, ताशी 80 ची वेगमर्यादा, आणि त्याच वाळूवर छोटी विमानंही उतरतात.

मजा खूप आली, ते लपवत नाही. पण गाडीचा परवाना वेगळा, तंबूचा वेगळा, दोन्ही निघण्याआधी काढलेले. बोटीत चढण्यापूर्वी जावयांनी चारही चाकांची हवा 36 वरून 18 वर आणली; टायर खाली पसरून भाकरीसारखे झाले. गाडी चालवायची ती ओहोटीच्या आधी दोन तास आणि नंतर दोन तास. आमच्यातल्या एकाने हवा पुरेशी सोडली नव्हती, त्याची गाडी रुतली. त्याने रेस दिली तसं चाक आणखी खोल गेलं. मग फावड्याने वाळू उपसली, चाकांखाली प्लॅस्टिकच्या जाड फळ्या सरकवल्या, सगळ्यांनी मागून रेटलं. गाडी निघाली तेव्हा लाटेचा फेस मागच्या चाकापासून हातभर अंतरावर होता. तिथे डिंगो म्हणजे रानकुत्रे आहेत. त्यांना खायला घातलं तर जबर दंड, म्हणून अन्नाचा कणही बाहेर ठेवायचा नाही. एके संध्याकाळी एक डिंगो तंबूपासून दहा पावलांवर येऊन थांबला. आम्ही हाताची घडी घालून, त्याच्याकडे तोंड करून, सावकाश मागे सरकलो. टेकाडांवरच्या गवतात गाडी घालायला तर सक्त मनाई.

पुतण्याला मी हवेचा आकडा सांगितला नाही. गरीच्या किनाऱ्यावर आमच्या चाकांच्या खुणा दर भरतीला समुद्र पुसून टाकत होता. चंबळला भरती नाही. एप्रिलमध्ये उठलेली चाकोरी पावसाळ्यापर्यंत तशीच राहते. आणि नेमक्या त्याच दिवसांत, मार्चअखेर ते एप्रिलच्या मध्यापर्यंत, सुसरीची मादी, जिला इथे आपण घडियाल म्हणतो, काठाच्या नाहीतर पात्रातल्या वाळूत रात्री खड्डा करून तीस-चाळीस अंडी पुरते. वरून काही दिसत नाही. पिल्लं मे-जूनमध्ये अंड्यातूनच आवाज देतात, तेव्हा आई वाळू उकरून त्यांना वाट करून देते. जगात उरलेल्या सुसरींपैकी सर्वांत जास्त या एकाच नदीत आहेत. दुर्मीळ कासवं त्याच वाळूत अंडी घालतात, आणि पाणचिरा नावाचा पक्षी तर पाण्याने वेढलेल्या वाळूच्या उघड्या टापूवर, नुसत्या खळग्यात. मुलांना मुक्कामाला हवं आहे ते नेमकं असलंच बेट.

मुलं म्हणतात, "ट्रॅक्टर तर रोज जातात, आमच्या दोन गाड्यांनी काय होतंय?" ट्रॅक्टर जातात हे खरं आहे, आणि वाळूउपशाला बंदी असूनही जातात याचा मला संताप येतो. पण एका घरट्याला एक चाक पुरतं. ट्रॅक्टरवाल्याला निदान पोटाचं कारण सांगता येतं, आपल्या मुलांना तेही नाही. शिवाय हा पट्टा राष्ट्रीय चंबळ अभयारण्याचा आहे. परवानगीशिवाय आत शिरणं हाच वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 प्रमाणे गुन्हा आहे.

वन विभागाला विनंती, की मार्च ते जून या काळात वाळूत उतरणाऱ्या प्रत्येक वाटेवर अंड्यांचं चित्र असलेले ठळक फलक लावावेत. 'प्रवेश निषिद्ध' एवढं वाचून कोणी थांबत नाही. खाली काय पुरलेलं आहे ते कळलं तर थांबेल. आणि मुलांनो, नदीच बघायची असेल तर वन विभागाच्या परवानगीने चालणाऱ्या नावेतून बघा. मुरैनाजवळ देवरीला सुसरीची पिल्लं वाढवतात, सव्वा मीटरच्या आसपास झाली की नदीत सोडतात. हाताएवढं पिल्लू टाकीच्या कडेला नाक टेकवून पडलेलं असतं, ते एकदा पाहून या.

आमच्या घरातल्या मंडळींनी बेत अजून बदललेला नाही. गुढीपाडव्याच्या आत हे पत्र छापलंत तर त्यांच्यापुढे ठेवता येईल.

आपली,
एक वाचक,
लष्कर, ग्वाल्हेर