सायटेशन मोजा, पण रक्ताची गाठ कशी मोजली तेही बघा

माननीय वैद्यकीय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य,
स.न.वि.वि.

एनआयआरएफच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या शिक्षणसंस्था क्रमवारीत, कॉलेजच्या पेपरांना किती सायटेशन मिळाली, म्हणजे इतर पेपरांनी त्यांचा किती वेळा हवाला दिला, ते धरलं जातं. राज्याच्या संशोधन निधीला जशीच्या तशी तीच फूटपट्टी लावू नये, म्हणून हे पत्र. उदाहरण घेतो ब्रेन हॅमरेजचं, म्हणजे मार न लागता मेंदूत होणाऱ्या रक्तस्रावाचं.

पहिला घोळ पेपर शोधतानाच होतो. नुसतं ‘ब्रेन हॅमरेज’ टाकलं की धमनीचा फुगा फुटून होणारा सबअरॅक्नॉइड रक्तस्राव आणि अपघातातला रक्तस्राव, दोन्ही यादीत घुसतात. गूगल स्कॉलर प्रबंधसुद्धा मोजतो, त्यामुळे त्याचा आकडा ‘स्कोपस’ या संशोधन-पेपरांच्या सूचीपेक्षा सहसा फुगलेला असतो.

दुसरं, सायटेशन म्हणजे शाबासकी नव्हे. 2005 च्या ‘स्टिच’ चाचणीत 1033 रुग्ण होते आणि लवकर शस्त्रक्रियेचा एकंदर फायदा दिसला नाही. पटलेलेही तिचा हवाला देतात, न पटलेलेही.

तिसरं आम्हाला सगळ्यात जास्त खुपतं. मेंदूतल्या रक्ताच्या गाठीचं आकारमान काढायचं एबीसी भागिले दोन (लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, भागिले दोन) हे सूत्र 1996 च्या पेपरमुळे रूढ झालं, त्याला हजारो सायटेशन आहेत. लांबी 5 सेंमी, तिला काटकोनात रुंदी 4 सेंमी, सीटी स्कॅनच्या 5 मिमी जाडीच्या 7 स्लाइस (काप) म्हणजे उंची 3.5 सेंमी: उत्तर 35 मिली. पण त्याच पेपरचा नियम असा, की सर्वांत मोठ्या स्लाइसच्या 25 टक्क्यांहून कमी गाठ दिसणारी स्लाइस धरायचीच नाही, 25 ते 75 टक्के असेल तर अर्धी धरायची. टोकाच्या दोन स्लाइस अशा गळाल्या की उत्तर 25 मिली. आयसीएच स्कोअरमध्ये, म्हणजे रुग्ण दगावण्याचा धोका सांगणाऱ्या गुणांकनात, 30 मिलीला एक गुण वाढतो, म्हणजे नातेवाइकांना सांगायचं भाकीतच बदललं. हवाला सगळे देतात, स्लाइस गाळतात थोडे.

उलट 2023 ची ‘इंटरॅक्ट-3’ चाचणी बघा. 7036 रुग्ण, भारतातलेही. उपचारांचं लक्ष्य असं: तासाभरात वरचं बीपी 140 च्या खाली, साखर मधुमेह नसेल तर 110 ते 140, असेल तर 140 ते 180, ताप 37.5 अंशांच्या आत. वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारं औषध) चालू असेल तर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप) 1.5 च्या खाली. एकत्र केलं की अपंगत्व घटलं. जिल्हा रुग्णालयात जमण्यासारखं काम आहे हे, पण वयाने लहान पेपर, सायटेशनच्या रांगेत मागेच राहणार.

तेव्हा तुलना एकाच विषयातल्या, एकाच वर्षाच्या पेपरांशी करा आणि लेखकांनी स्वतःचेच दिलेले हवाले वजा करा. अर्जदाराकडून त्याच्या वॉर्डाची नोंदही मागा. केसपेपरवर तीन रकाने पुरतात: रुग्ण आल्याची वेळ, सीटी स्कॅनची वेळ, बीपी 140 खाली आल्याची वेळ. ते छापायला वेगळं बजेट लागत नाही.

आपले,
मेंदूविकार विभागांतले डॉक्टर आणि वैद्यकीय ग्रंथपाल