बाबांसाठी चार पुस्तकं

ती. बाबा व आई यांस सा. न.

मी ठीक आहे. जेवण वेळेवर होतं. अमेरिकेतल्या गोळीबाराची बातमी दिसली की लगेच फोन करू नका. बहुतेक वेळा ते गाव इथून नागपूर-मुंबईइतकं तरी लांब असतं.

बाबा, पार्सल निघालंय. वाचायचा क्रम मात्र माझा पाळा. आधी बर्नार्ड कॉर्नवेलचं 'शार्प्स ट्रायम्फ'. नायक शार्प काल्पनिक, पण १८०३ सालची लढाई आपल्याकडचीच: आधी नगरचा किल्ला पडतो, शेवटी जालन्याकडची असई. केळणा नदीच्या दोन्ही काठांना समोरासमोर गावं दिसल्यावर इंग्रजांचा सेनापती वेलस्ली यानं ताडलं की मधे उतार असणारच. वाटाडे नाही म्हणत होते. 'सिंदिया' म्हणजे शिंदे, एवढं लक्षात ठेवा. मराठे यात शत्रू आहेत, तेव्हा चिडाल. शेवटची टीप वाचा. खरं किती, रचलेलं किती, हे लेखकच सांगतो.

मग मायकल शाराचं 'द किलर एंजल्स' (१९७४). इथल्या उत्तर-दक्षिण यादवी युद्धातली गेटिसबर्गची लढाई, १ ते ३ जुलै १८६३. प्रकरणांना माणसांची नावं आहेत आणि कोण कुणाकडचा यातच गाडी अडते. पहिल्या पानावर पेन्सिलीनं लिहून ठेवा: ली, लाँगस्ट्रीट दक्षिणेचे, ब्यूफर्ड, चेंबरलेन उत्तरेचे. दुसरी मेख लढायांच्या नावांची. उत्तरेचे लोक बहुधा ओढ्या-नदीचं नाव देत, दक्षिणेचे गावाचं. 'अँटिटम' आणि 'शार्प्सबर्ग' एकच, आपल्या तालिकोट-राक्षसतागडीसारखं.

कादंबरी फर्मास आहे, पण गुलामगिरी तिच्यात जेमतेम डोकावते. म्हणून लगेच फ्रेडरिक डग्लसचं १८४५ चं आत्मकथन घ्या. गुलामीत जन्मलेल्या, तिथून पळालेल्या माणसानं लिहिलेलं, दोन दिवसांत संपेल इतकं छोटं. जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या सज्जनांना का अर्पण केली, ते यानंतर वेगळंच कळतं. मॅकफर्सनचं त्याच यादवी युद्धावरचं जाडजूड 'बॅटल क्राय ऑफ फ्रीडम' शेवटी. पहिली दोनशे पानं युद्ध सुरूच होत नाही, पण ते का झालं ते तिथंच आहे.

यातली दोन विकत घेतलेली नाहीत. चोरलेलीही नाहीत, आई! इथं लोक घरासमोर खांबावर पेटी लावतात, आपल्या देव्हाऱ्याएवढी, काचेचं दार, वर उतरतं छप्पर. आत पुस्तकं. कुलूप नाही, वही नाही, अनामत नाही. हवं ते न्यायचं, जमेल तेव्हा आपलं एखादं ठेवायचं. न ठेवलं तरी कुणी विचारत नाही. पाऊस आला तर दार नीट लागलंय का, एवढं जाणारा-येणारा बघतो. २००९ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या एका माणसानं पहिली पेटी लावली म्हणे. मी आपली दोन ठेवलीत, हिशेब चुकता.

छोटीच्या लग्नाच्या हॉलचे दीड लाख या आठवड्यात पाठवतो. बाबा, एफडी मोडू नका. तिकिटाचं अजून ठरत नाही. रजेचं नाही, व्हिसाचं अडलंय, हे तिला नीट समजावून सांगा. मी सांगितलं की ती नुसतं "हो" म्हणते. हळदीला व्हिडिओ कॉल लावा, पण फोन मामाच्या हातात देऊ नका. साखरपुड्याला अर्धा तास मला पंखाच दिसत होता.

तुमचा,
बंडू