औषधांची फेरी शिकवणाऱ्या सिस्टरना

आदरणीय सिस्टर,
सप्रेम नमस्कार.

योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ, हे नर्सिंगची मुलं आमच्या वर्गात पाठ करतात. ते हातात बसतं ते तुमच्या वॉर्डात. त्यासाठी हे पत्र.

आपल्या वॉर्डात खानापूर, निपाणी, चिकोडीकडचे दोन-तीन पाटील एका वेळी असतातच. "तुम्हीच पाटील ना?" म्हटलं की गुंगीतला माणूस हुंकार भरतो, भाषा न कळलेलाही मान डोलावतो. म्हणून तुम्ही पूर्ण नाव रुग्णाच्याच तोंडून वदवून घ्यायला लावता; कन्नड रुग्ण असेल तर "निम्म हेसरु हेळ्री". मग ते नाव आणि आयपी नंबर, म्हणजे दाखल रुग्णाचा नंबर, मनगटावरच्या पट्टीशी ताडायचा. खाटेच्या नंबरावर औषध नाही, कारण खाटा बदलतात.

इन्सुलिनसाठी तर तुमचे किती आभार मानावेत! आपल्याकडे यू-40 (एका मिलीत 40 युनिट) आणि यू-100 (एका मिलीत 100 युनिट) दोन्ही मिळतं. लाल टोपणाची सिरिंज 40ची, केशरी टोपणाची 100ची. यू-100 इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये 20च्या खुणेपर्यंत ओढलं, तर अर्धा मिली, म्हणजे 50 युनिट जातं. अडीचपट! साखर धोकादायक उतरते. उलट अदलाबदल झाली तर 20 ऐवजी 8च युनिट. तुम्ही दोन्ही सिरिंज शेजारी धरून त्यांत पाणी ओढायला लावता, तेव्हा मुलांना हे गणित डोळ्यांनी दिसतं.

रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिनचंही तसंच. 5 मिलीच्या बाटलीवर 25,000 युनिट लिहिलेलं असतं, ते अख्ख्या बाटलीचं. एका मिलीत 5,000. दुसऱ्या बाटलीत मिलीला 1,000च. आणि पोटॅशियम क्लोराईड थेट शिरेत कधीच नाही, हृदय थांबतं. टांगलेल्या सलाईनमध्येही घालायचं नाही. बाटली उतरवून, औषध घालून, नीट उलटसुलट करायची. नाहीतर ते जड द्रव बाटलीच्या तोंडाशी साचतं आणि सुरुवातीलाच एकदम जातं.

सही औषध दिल्यावरच. आधी केली आणि रुग्ण एक्स-रेला गेला, तर पुढच्या पाळीला वाटतं डोस झाला.

सगळ्यात मोठे आभार मात्र वेगळ्या गोष्टीचे. चूक सांगायला आलेल्या मुलीवर तुम्ही चारचौघांत ओरडत नाही. आधी तिला घेऊन रुग्णापाशी जाता, साखर तपासता, डॉक्टरांना कळवता, मग नोंद लिहायला बसवता. तुमचा धाक नसतो म्हणून मुलं लगेच सांगतात, आणि रुग्णाला ग्लुकोज वेळेवर मिळतं.

नवी बॅच येते आहे. त्यांनाही आधी त्या दोन सिरिंजांपाशीच उभं करा.

आपल्या ऋणी,
नर्सिंग शिकवणाऱ्या आम्ही साऱ्याजणी
बेळगाव